तळापर्यंत बांधलेली विहीर

नासिक,
२२ जानेवारी १९३४

चि. इनायत यास वत्सलाबाईंचे आशीर्वाद.

तुझी तार काल दुपारी पोचली. तारेत एकच शब्द: ‘खुशाल’. बिहारात भूकंप होऊन सहा दिवस उलटले होते. वर्तमानपत्रात रोज नवी गावं जमीनदोस्त होत होती, कलकत्त्यालाही हादरे बसल्याचं छापून आलं होतं, आणि भूगर्भ खात्यात नकाशे काढणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसाला दुसरा शब्द सुचला नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट आम्हाला एका शब्दात उत्तर दिल्याबद्दल वर्गाबाहेर उभं करायच्या. तुला मी अंगणात बसवून शिकवलं, वर्ग नव्हताच, म्हणून तू सुटलास.

असो. तू जिवंत आहेस. हे वाक्य लिहून मी जरा वेळ टाक खाली ठेवला होता.

तार वाचून दाखवली तेव्हा तुझी अम्मा माजिदा चुलीपाशी बसली होती. तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे त्यानंच पाठवलं ना, बाई? दुसऱ्या कुणी नाय ना?” मी म्हटलं, इतका आळशी मजकूर दुसरं कोण पाठवणार. मग ती रडली आणि मग जेवली. ईदचा शीरखुर्मा तिनं सगळ्या गल्लीत वाटला होता, स्वतः चमचाभरही तोंडाला लावला नव्हता. माझ्या संक्रांतीच्या तिळगुळाचीही तीच गत झाली. काल संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून तो संपवला.

आता एक लक्षात ठेव. तुझ्या अम्मांना कुराण वाचता येतं, मराठी वाचता येत नाही; म्हणून तुझी पत्रं माझ्या पत्त्यावर येतात आणि मी भिंतीपलीकडे जाऊन ती वाचते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे एवढंच वाचन उरलं आहे. तेव्हा वाचण्याजोगं लिही. मी पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत सगळं वाचते. गाळलेलं मला शाळेतही चालत नसे.

वत्सलाबाई


मुक्काम मोतीहारी,
११ मार्च १९३४

बाईंना आणि अम्मांना सलाम.

तारेबद्दल माफी. तारघरापुढे एवढी रांग होती की मागचा माणूस माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याच्यापुढे लांबलचक लिहायची लाज वाटली. त्याला स्वतःच्या घरचं काहीच कळलेलं नव्हतं.

आम्हाला गेल्या महिन्यात इकडे पाठवलं. काम सांगतो. गावोगाव, घरोघर फिरायचं. घर उभं आहे, कललं आहे की पडलं, ते नकाशावर मांडायचं. मग त्याच्याखालची जमीन पाहायची. वाळू आहे, चिकणमाती आहे, कधीकाळी बुजवलेलं तळं आहे की जुनी उंच घट्ट जागा आहे? त्याप्रमाणे रंग भरायचे. तांबडा सगळ्यात वाईट. आमचे साहेब म्हणतात, पुढचा भूकंप कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. पण आला तर कुठली जमीन जास्त हलेल, ते आजच सांगता येईल.

अम्मा, तुला असं सांगतो. ओट्यावर पीठ भरलेली परात आहे आणि शेजारी पाटा आहे. ओट्याला जोरात धक्का दिला तर पीठ हलून एका अंगाला बसतं. पाटा जागचा हलत नाही. धक्का दोघांना तोच. इथं सगळा मुलूख परातीतल्या पिठासारखा आहे. विहिरींत खालून वाळू वर आली आणि त्या काठोकाठ भरल्या. पाणी प्यायला लोक कोसभर जातात.

बाई, एक काम आहे. आमच्या अंगणातल्या विहिरीत नीट पाहून कळवाल का, घडीव दगडाचं बांधकाम वरून किती खोल जातं आणि कुठं थांबतं? वरच्या अंगाला गोटीरामकाकांची विहीर आहे, तीही पाहा. कारण पुढच्या पत्रात लिहितो.

मी बरा आहे. तंबूत राहतो. जेवण मिळतं.

इनायत


नासिक,
२४ मार्च १९३४

चि. इनायत यास आशीर्वाद.

कारण न सांगता कामाला लावायची सवय तुला सरकारी नोकरीत लागली असेल. ते काम केलं.

विहिरीत नुसतं डोकावून काळोख दिसतो. म्हणून मी माझा मोठा आरसा काढला, भर उन्हात कठड्यापाशी उभी राहिले आणि कवडसा आत सोडला. माजिदानं मला कमरेला धरलं होतं आणि सारखी म्हणत होती, “आरसा पडला तरी चालंल, तुम्ही पडू नका.” ऐक तर. तुमच्या विहिरीचं बांधकाम पाण्यापर्यंत जातं, आणि पाण्याखालीही दिसतं तिथवर चालूच आहे. सगळा घडीव दगड, चुन्याचे सांधे, फट म्हणून नाही. तुझे आजोबा खाजामियाँ नासिकातले नावाजलेले गवंडी होते ते उगीच नव्हे.

गोटीरामची विहीर मात्र लाजिरवाणी. बांधकाम कमरेइतकं, आणि खाली ओबडधोबड काळा दगड उघडाच. मी त्याला म्हटलं, “वडिलांनी विहीर अर्ध्यावरच सोडली वाटतं.” तो म्हणाला, “बाई, पाणी गोड लागलं की झालं. दगड बघत कोण पाणी पितं?” असल्या माणसाशी काय बोलायचं.

माजिदा भारी खूश आहे. “लिहा बाई, अशी विहीर गल्लीत दुसरी नाय.” लिहिलं. तुझ्या नकाशात ती ठळक काढ.

वत्सलाबाई


मुक्काम सीतामढी,
४ एप्रिल १९३४

बाईंना आणि अम्मांना सलाम.

अम्मा, मी ठीक आहे. ताप आला होता तो गेला. इथं लिचीच्या बागा आहेत, मैल मैल. गंमत म्हणजे झाडांना काही झालेलं नाही. घरं पडली त्या अंगणात झाडं फळं धरून उभी आहेत. पिकली की खाऊन कळवीन कशी लागतात ते.

बाई, इथून पुढची दोन पानं फक्त तुमच्यासाठी. अम्मांना वाचून दाखवू नका.

तुम्ही आनंदानं लिहिलंत आणि मी घाबरलो. आपल्याकडे विहीर खणताना माती आणि मुरूम असेतो कडा ढासळतात, म्हणून तिथवर दगड रचावाच लागतो. खडक लागला की बांधकाम थांबतं, कारण खडकाला आधार लागत नाही. म्हणजे बांधकाम जिथवर, तिथवर माती. विहिरीत डोकावून जमीन वाचता येते ती अशी. गोटीरामकाकांच्या घराखाली कमरेइतक्या खोलीवर खडक आहे. आमच्या घराखाली तळापर्यंत माती. दोन घरांच्या मध्ये कुठेतरी खडक तुटत असणार. तो नदीचा जुना काठ असेल, आणि त्या खळग्यात वरून गढीच्या टेकाडाची माती पडून भर झाली असेल. आमचं घर त्या भरावावर आहे.

इथं एका गल्लीत दोन भावांची घरं पाहिली. वीट एका भट्टीची, गवंडी एकच, साल एकच. एक घर जुन्या उंचवट्यावर होतं, त्याच्या गिलाव्याला चिरा गेल्यात, बस. दुसरं बुजवलेल्या तळ्यावर होतं. ते खिडक्यांपर्यंत जमिनीत गेलं आहे. त्यांची आई आत होती. थोरला भाऊ मला शांतपणे सगळं दाखवत होता, जणू घर भाड्यानं द्यायचं आहे. मी तिथं तांबडा रंग भरला. तेव्हापासून डोळे मिटले की नासिकच्या नकाशावर आमचं घर तांबडं दिसतं.

मी घर विकायचं ठरवलं आहे. विंचूरचा अन्सार, अब्बांच्या दोस्ताचा मुलगा, बऱ्याच दिवसांपासून शहरात घर शोधतो आहे. त्याला पत्र टाकलं. पावसाआधी ताबा घ्यायला तो तयार होईल असं वाटतं. अम्मांना मी कलकत्त्याला नेतो. त्यांनी कारण विचारलं तर सांगा, माझे एकट्याचे जेवणाचे हाल होतात.

इनायत


नासिक,
१४ एप्रिल १९३४

इनायत,

आशीर्वाद या वेळी शेवटी मिळेल, मिळाला तर.

मी आयुष्यात कुणाचं पत्र गाळून वाचलं नव्हतं. काल वाचलं. पहिलं पान झालं आणि मी थेट तुझ्या सहीवर आले. माजिदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दोन पानं उलटली तुम्ही, बाई.”

मी म्हटलं, “चिकटली होती.”

“मग सोडवा.”

“त्यात काही नाही. खात्यातल्या गोष्टी आहेत.”

“खात्यातल्या गोष्टी वाचताना तुमचा चेहरा असा पडत नाय.”

शाळेत तपासनीस येत तेव्हा मी त्यांच्यासमोर सरळ उभी राहत असे, आणि काल एका निवडणटिपण करणाऱ्या बाईपुढे माझी बोबडी वळली. शेवटी सांगितलं, थोडक्यात. पोरगं म्हणतं घराखालची जमीन भुसभुशीत आहे, भूकंप झाला तर घर टिकायचं नाही, अन्सारला विकून तू कलकत्त्याला ये. विहीर आणि खडकाचं शास्त्र सांगत बसले नाही, तिला त्यात काय कळणार.

 या घरात ती सोळाव्या वर्षी आली. तुझा जन्म माजघरातला. तुझे अब्बा गेले तेही तिथंच, खिडकीखाली. मला वाटलं ती भांडेल. मी भांडणाची तयारी करूनच गेले होते, तिच्या बाजूनं. ती म्हणाली, “त्याला झोप लागत नसंल तर घर घेऊन काय करू.” आणि आज सकाळी पाहते तर पेटी उघडी, तुझ्या अब्बांचे कपडे बाहेर काढून उन्हात टाकलेले.

तुझी आई घर सोडते आहे, ते जमिनीला भिऊन नाही, तुझ्यासाठी. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आता माझा प्रश्न. ज्या घरात तुझी आई एक पावसाळाही राहायला नको, त्यात अन्सारनं बायको आणि चार मुलं घेऊन राहावं, हे तुला चालतं? त्याला पत्र टाकलंस, त्यात जमिनीबद्दल काय लिहिलंस? विंचूरची पोरं तांबड्या रंगात चालतात वाटतं. मी तुला गणित शिकवलं, मराठी शिकवलं. हे तिसरं काहीतरी शिकवायचं राहून गेलं.

उलट टपाली उत्तर पाठव. आशीर्वाद आहेच.

वत्सलाबाई


मुक्काम सीतामढी,
१० मे १९३४

बाईंना आणि अम्मांना सलाम. या पत्रातलं काहीही गाळू नका.

तुमचं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि मग बसलो. अन्सारला मी जमिनीबद्दल काही लिहिलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असंही नाही. अम्मांना तिथून काढायचं, यापुढे विचार गेलाच नाही. ही सबब झाली, मला कळतं. त्याच दिवशी त्याला सगळं लिहून टाकलं.

त्याचं उत्तर आलं. तो म्हणतो, “विंचूरला आमची भिंत दर पावसाळ्यात भूकंपाशिवायच येते. तुझा भूकंप कधी येईल ते तुलाच माहीत नाही. तोवर मी काय झाडाखाली राहू? घर मला पाहिजे.” बाई, त्याला मी अजून काय सांगू? त्यानं डोळे उघडे ठेवून हो म्हटलं आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. नासिकला असा भूकंप कधी झाला आहे का? माझ्या ऐकिवात नाही. इथल्या म्हाताऱ्यांना मात्र त्यांच्या आजोबांनी सांगितलेला एक आठवत होता. कुणी मनावर घेतला नव्हता.

अम्मा, तू माझ्यासाठी घर सोडू नकोस असं लिहायला बसलो होतो. लिहिता येत नाही. तू तिथं राहिलीस तर मला काम सुचणार नाही. जूनच्या मध्यावर येतो आणि तुला घेऊन जातो. तू रागावलीस तर राग घेऊन ये.

इनायत


नासिक,
२७ मे १९३४

चि. इनायत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

बसून वाच. तुझी आई, तुझं घर आणि मी, तिघंही सुखरूप आहोत. काय झालं ते क्रमानं सांगते, आणि मध्ये उडी मारू नकोस.

तू ठरवल्याप्रमाणे घर अन्सारला द्यायचं म्हणून माजिदानं गेले तीन आठवडे घर घासून काढलं. मग म्हणाली, विहीर उपसायची. मी म्हटलं, गाळ अन्सार उपसेल, पाणी तो पिणार आहे. तर म्हणते, “गाळ भरलेली विहीर देऊन गेली, असं विंचूरपर्यंत ऐकू का मी?” म्हणून चिमाजीला बोलावलं. दरसाल गल्लीतल्या विहिरी तोच उपसतो. त्यानं दोन गडी लावून पाणी काढलं, गाळ काढला. तळाशी बांधकामातला एक दगड पुढं आला होता. तो नीट बसवावा म्हणून त्यानं पहारीनं ओढून काढला, आणि खालून ओरडला की मागं माती नाही, दगडाला दगडच लागतोय.

मी कठड्यापाशी होते. तुझं चार एप्रिलचं पत्र मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी विचारलं, “मागचा दगड सुटा आहे की अखंड?” तो म्हणाला, कळत नाय. मी म्हटलं, थांब.

पदर खोचला आणि उतरले. भिंतीत पाय ठेवायला दगड पुढे काढलेले आहेत, दोर कमरेला होता. माजिदा वरून बोलत होती ते सगळं लिहिता येणार नाही. “बाई, तुमचं वय काय, हे काय चाललंय. तुम्ही पडलात तर विहीर परत उपसावी लागंल.” मी तिला सांगितलं, पडले तर विहीर तशीच दे अन्सारला.

खाली कंदील धरून पाहिलं. इनायत, दगडाच्या मागे अखंड काळा खडक आहे. त्यात सुरुंगाच्या भोकाची अर्धी नळी स्पष्ट दिसते, बोट घालून पाहिलं. सुरुंग लावून विहीर खोदली आणि मग खडकाच्या पुढे घडीव दगडाची भिंत रचली. मला खरं वाटेना. मी चिमाजीला वर वर चढत जागोजाग एकेक दगड काढायला लावला. गुडघ्यावर खडक. छातीवर खडक. त्याच्याही वर खडक. वरच्या कडेपासून माझ्या कमरेइतकं खाली आलं की खडकच लागतो, त्याच्या वर तेवढाच काय तो मुरूम आणि माती. तुमच्या घराखाली नदीचा जुना काठ नाही, खळगा नाही, गढीचा भराव नाही. गोटीरामचाच खडक सरळ तुमच्या अंगणाखाली आला आहे.

वर आले तेव्हा चिखलानं माझा चेहरा ओळखू येत नव्हता. माजिदाला ओट्यावर बसवलं आणि जे एप्रिलात सांगायचं टाळलं होतं ते आता सांगितलं: माती असते तिथवर विहीर बांधतात, खडकाला बांधकाम लागत नाही, तुमची विहीर तळापर्यंत बांधलेली, म्हणून पोरगं घाबरलं.  ती हसायला लागली. इतकी हसली की चिमाजी पाणी घेऊन आला.

“बाई, ती माझ्या बापाची अट.”

तर ही हकीकत. तुझ्या अम्मांचं माहेर सायखेड्याचं, नदीकाठी, सगळा गाळाचा मुलूख. तिकडं विहीर तळापर्यंत बांधली नाही तर दोन पावसाळ्यांत बुजते. अर्धी बांधलेली विहीर म्हणजे भिकेचं घर. सोयरीक ठरवायला तिचे वडील इथं आले, जेवले, उठले, विहिरीत डोकावले. कमरेइतकं बांधकाम आणि खाली उघडा दगड. त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, “ज्या घरात विहीर पुरी होत नाय, तिथं माझी पोर यायची नाय.” खाजामियाँ गवंडी, त्यांना खडकाचं माहीत नव्हतं का? त्यांनी समजावून पाहिलं. पण मुलीच्या बापाला खडकाचं शास्त्र कोण सांगणार. शेवटी ते स्वतः आत उतरले, उभ्या खडकावर तळापासून दगड रचत वर आले, आणि मगच लग्नाची तारीख धरली. गल्लीतले लोक म्हणे बघायला येत आणि हसत.

“माझ्या सासऱ्यानं नुसती शोभा केली,” माजिदा म्हणाली. “आणि माझं पोरगं त्या शोभेला भ्यालं.”

मी आरसा धरून उभी होते तेव्हा ही बाई माझ्या कमरेला धरून उभी होती. एप्रिलात तुझं पत्र आलं तेव्हाच तिला कारण सांगितलं असतं तर त्याच मिनिटाला उलगडा झाला असता. तिला काय कळणार म्हणून मी टाळलं. हे मी एकदाच लिहिते आहे, पुन्हा विषय काढू नकोस. तुला वेगळं सांगायला नको. तूही बांधकाम वाचलंस, ते कुणासाठी झालं ते विचारलं नाहीस.

अन्सार परवा येऊन गेला. खडकाचं सांगितलं तर खूप रागावला. म्हणाला, “पडणारं होतं तेव्हा मला विकत होता, टिकणारं निघालं तर ठेवून घेता.” त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून मी त्याला चहा दिला. मग त्याला घेऊन गोटीरामकडे गेले. त्याची माडी रिकामी पडली आहे. अर्धा तास दोघं एकमेकांकडे संशयानं पाहत होते, शेवटी भाड्याचं जमलं. खडक तोच, हे मी अन्सारला दोनदा सांगितलं.

घराचं मात्र अजून ठरलेलं नाही. मी माजिदाला म्हटलं, पेटी रिकामी कर. ती म्हणते, “आधी त्याला लिहा. दगड तुम्ही बघितला, त्यानं नाय. त्याला विचारा, आता झोप लागंल का.”

पेटी भरलेली आहे. उत्तर लवकर पाठव.

वत्सलाबाई


कलकत्ता,
१२ जून १९३४

अम्मा, तुला सलाम. बाईंना सलाम.

पेटी रिकामी कर.

बाई, तुमचं पत्र सीतामढीला आमचा तळ हलायच्या आधी मिळालं. मग काम पावसामुळे थांबलं, आम्ही इथं परत आलो. पत्र मी तिथल्या तंबूतल्या कचेरीत उघडलं आणि सुरुंगाच्या नळीपाशी आल्यावर बाहेर जाऊन वाचलं. आमच्या हाताखालच्या शिपायानं विचारलं, घरी काही वाईट? मी म्हटलं, आमच्या आजोबांनी लग्नासाठी विहीर बांधली. त्याला वाटलं मला परत ताप आला.

जे लिहायला पाहिजे ते लिहितो. खडक म्हणजे वचन नव्हे. खडकही हलतो, पण परातीतल्या पिठासारखा नाही. तिकडे फिरून एवढं नक्की शिकलो आहे. घराचं काही करायचं असेल तर मागची भिंत कच्च्या मातीची आहे, तिच्यात छपराखालून आडवं लाकूड घालून घ्या, तिचे दोन्ही कोपरे एकमेकांना धरतील. एवढं केलं की मी माझ्या रंगांत आमच्या घराला तांबडं म्हणणार नाही. मी स्वतः खडकाला हात लावायला येणार आहे, तो विश्वास नाही म्हणून नव्हे.

तुमचं पत्र वाचून, तिथून निघायच्या आधी मी साहेबांना म्हटलं, ज्या गावांत आपण विहिरींच्या बांधकामावरून जमीन ठरवली तिथं परत विचारून येऊ. ते म्हणाले, काय विचारायचं? मी म्हटलं, कुणी बांधली, कुणासाठी बांधली, आणि त्या वर्षी घरात लग्न होतं का. ते हसले. पण दोन गावांत गेलो. एका ठिकाणी जमीनदारानं हौसेनं बांधलेली विहीर निघाली आणि आम्हाला रंग बदलावा लागला.

अम्मा, एक राहिलं. मी बाईंना लिहिलं होतं की तू विचारलंस तर सांगा, माझे जेवणाचे हाल होतात. ती थाप होती. आता परत येऊन पाहतो तर खरंच होतात. खाणावळीतल्या डाळीला काही चव नाही, आणि खोलीत आलो की कुणी विचारत नाही जेवलास का. घर राहिलं याचा मला आनंद आहे. तू इथं येणार नाहीस याचं थोडं वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे.

इनायत


नासिक,
२२ जून १९३४

इनायत, खालचा मजकूर तुझ्या अम्मांचा. मी फक्त हात चालवला आहे. एकही शब्द सुधारू दिला नाही. व. बा.

बेटा इनायत,

बाईनं पत्र वाचलं. त्या दिवशीच पेटी रिकामी केली. तुझ्या अब्बाचे कपडे परत खुंटीला लावले. बाई म्हणतात कसर लागंल. लागू दे.

मागच्या भिंतीत लाकूड घालायला सुतार येऊन बघून गेला. पाऊस उघडला की घालतो म्हणला. चिमाजीनं काढलेले दगड परत बसवले. एक बसवू दिला नाय. तू येशील तेव्हा हात घालून बघ.

अन्सारची बायको ताहेरा गोटीरामच्या माडीवर आली. चांगली हाय. पाणी आमच्याकडून भरती. म्हणती गोटीरामची विहीर अर्धीच बांधलेली हाय, अशा विहिरीचं पाणी लेकरांना कसं पाजायचं. ती पण गाळाच्या गावची. मी काय बोलले नाय. बाईला लय बोलायचं होतं, मी हात दाबला.

सुनं घर बघत तू जेवतोस ते वाचून मला वाईट वाटलं. तू बोलावलं म्हणून मी पेटी भरली होती. भूकंपाला भिऊन नाय. तुझ्या बापाच्या माघारी मी कशालाच भ्याले नाय.

तर आता ऐक. पावसाळा सरला की मी येते. तू राहतो ती खोली बघायची हाय. भाकरी करून घालते, डाळ करून घालते, तुझ्या साहेबाला पण बोलाव. दिवाळीपर्यंत राहीन. बाई बरोबर येतील, त्यांना आत्ताच कुणाशी तरी भांडायचं हाय, तिकडं जागा लय.

गाडीचं तिकीट काढशील ते परतीचं काढ.

तुझी अम्मा